कर्बोदकं बंद केली, वजन उतरलं, आता अडलंय. पुन्हा सुरू करू का?

जिना_चढणारी

नमस्कार मंडळी. वय ४६, उंची १५८ सेंटिमीटर, सुरुवातीचं वजन ७८ किलो. दिवसभर खुर्चीत बसून हिशेबाचं काम. साखर नॉर्मल, थायरॉईड ठीक, रक्तदाब जरासा वर. डॉक्टर म्हणाले, औषध एवढ्यात नको, आधी वजन उतरवा.

मी धान्य, बटाटा, फळं, साखर, डाळीसुद्धा एका झटक्यात बंद केल्या. जिथे जावं तिथे सगळं खापर कार्ब्सवरच फोडलेलं, त्यामुळे फार विचार करायची गरज वाटली नाही. पहिल्या आठवड्यातच जवळजवळ तीन किलो गेले. मग काटा रांगायला लागला आणि आता ढिम्म हलत नाही. ७४ च्या आसपास अडकलाय.

परवा एकीकडे जेवायला गेले होते, तिथे पोटभर भात खाल्ला. दुसऱ्या दिवशी सकाळी वजन दीड किलोने जास्त! दिवसभर कामात लक्ष नव्हतं.

शिवाय पोट साफ होत नाही, संध्याकाळी विनाकारण चिडचिड होते आणि तिसऱ्या मजल्यापर्यंत चढताना पाय शिसं भरल्यासारखे होतात. पूर्वी असं होत नव्हतं.

तर विचारायचं असं की शरीराला कर्बोदकं लागतात का? लागत असतील तर वजन उतरवायचं असताना किती घ्यायची? आणि एका जेवणात दीड किलो चरबी खरंच चढते का?

निर्धान्य

ताई, परत भाताच्या वाटेला जाऊ नका. मी ५८ वर्षांचा, टाइप २ मधुमेह. धान्य आणि साखर सोडून वीस किलोच्या वर वजन उतरवलंय, एक गोळीही बंद झालीय. गणित सरळ आहे. कार्ब्स खाल्ले की इन्शुलिन वाढतं, आणि इन्शुलिन वर असलं की चरबीला कुलूप. शरीराला कार्ब्सची गरज शून्य, लागेल तेवढं ग्लुकोज यकृत स्वतः बनवतं. चिडचिड वगैरे थोडे दिवस असते. मीठ-पाणी वाढवा, टिकून राहा.

तराजू_आणि_वाटी

मी आहारतज्ज्ञ आहे. लठ्ठपणा आणि मधुमेहाच्या बाह्यरुग्ण विभागात बरीच वर्षं हेच काम करतेय. प्रश्नात वय, उंची, वजन दिलंत त्याबद्दल आभार. निम्मे लोक तेवढंही सांगत नाहीत आणि वर विचारतात, मी किती खाऊ.

आधी तो दीड किलो, कारण झोप उडवणारी गोष्ट तीच दिसतेय. एक किलो चरबी म्हणजे साधारण ७,७०० कॅलरी. दीड किलोला झाल्या ११,५५०, आणि त्याही दिवसभराच्या खर्चाच्या वर. शिजलेल्या १०० ग्रॅम भातात १३० च्या आसपास कॅलरी असतात. म्हणजे जवळजवळ नऊ किलो भात. तेवढा खाल्ला असतात तर इथे लिहायला वेळ मिळाला नसता.

मग काटा वर का गेला? आपण खाल्लेल्या कर्बोदकांतला काही भाग यकृत आणि स्नायू ग्लायकोजेनच्या रूपात साठवतात. प्रौढ माणसात यकृतात साधारण १०० ग्रॅम, स्नायूंत ४०० च्या आसपास, आणि दर ग्रॅमबरोबर तीनेक ग्रॅम पाणी. कर्बोदकं बंद केलीत की हा साठा उपसला जातो आणि त्याचं पाणीही जातं. जोडीला इन्शुलिन खाली आलं की मूत्रपिंडं सोडियम जास्त बाहेर टाकतात, त्याच्यामागे आणखी पाणी. पहिल्या आठवड्यातल्या तुमच्या तीन किलोंमध्ये बहुतांश हेच होतं. परवा भात खाल्लात, साठा थोडा भरला, पाणी परत आलं. चरबीचा या सगळ्यात जवळपास काही संबंध नाही. पाय जड होतात तेही बरंचसं याच रिकाम्या कोठारामुळे, कारण जिना चढण्यासारख्या जोराच्या कामाला स्नायू ग्लायकोजेनच वापरतात.

म्हणून कमी-कार्ब आहाराची सुरुवात इतकी मोहक वाटते. पहिल्या आठवड्यात कुठलाच दुसरा आहार काटा एवढा खाली आणत नाही. माणूस खूश, ओळखीचे खूश, आणि पाणी उपसून झाल्यावर खऱ्या चरबीचा संथ वेग दिसायला लागला की सगळ्यांना वाटतं काहीतरी बिघडलं. बिघडत काही नाही. आठवड्याला अर्धा किलो हा उत्तम वेग आहे, फक्त त्याचं कौतुक करायला कोणी येत नाही.

आता निर्धान्य यांच्या कुलपाबद्दल. काका, यकृत ग्लुकोज बनवतं हे अगदी खरं. आहारात कर्बोदकं नसली तरी माणूस जगतो, हेही खरं. पण इन्शुलिन चढलं म्हणजे चरबी अडकली, हे पूर्ण दिवसाच्या हिशेबात टिकत नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत केविन हॉल आणि सहकाऱ्यांनी २० जणांना वॉर्डात ठेवून दोन्ही आहार दिले, प्रत्येकी दोन आठवडे. एकात ७५ टक्के ऊर्जा कर्बोदकांतून आणि १० टक्के चरबीतून, दुसऱ्यात बरोबर उलट. खा हवं तेवढं, अशी मुभा. २०२१ मध्ये निकाल प्रसिद्ध झाले. कर्बोदकांच्या आहारावर रक्तातली साखर आणि इन्शुलिन दोन्ही जास्त वर गेली, तरीही त्याच लोकांनी रोज सुमारे ७०० कॅलरी कमी खाल्ल्या, आणि भुकेबद्दल विचारलं तर दोन्हीकडे सारखंच उत्तर. दोन आठवड्यांवरून जन्माचा आहार ठरवू नये, पण कुलपाची गोष्ट तेवढ्यातच मोडते.

लांबचा पल्ला बघायचा तर स्टॅनफर्डचा २०१८ चा अभ्यास आहे. क्रिस्तोफर गार्डनर यांच्या गटाने ६०९ लोकांना वर्षभर एकतर कमी चरबीवर किंवा कमी कर्बोदकांवर ठेवलं. सरासरी घट: ५.३ किलो आणि ६ किलो. हा फरक योगायोगात मोडणारा. मला त्यात जास्त रस कशात वाटतो सांगू? दोन्ही गटांत काहींचं तीस किलोपर्यंत उतरलं आणि काहींचं चक्क वाढलं. कोणाला कोणता आहार मानवेल हे जनुकांवरून किंवा इन्शुलिनवरून आधी सांगता येतं का, हेही तपासलं. नाही आलं. दोन्ही गटांना एक सूचना मात्र समान होती: साखर आणि मैदा शक्य तितका टाळा, भाज्या भरपूर खा.

माझं म्हणणं इतकंच आहे की ‘कार्ब्स’ या एका नावाखाली ज्या वस्तू आपण कोंबतो त्यांचा एकमेकींशी फारसा संबंध नाही. मसूर, संत्रं, शीतपेय, ओट्स आणि क्रीम बिस्किट यांना एकाच शिक्षेला पात्र ठरवायचं, हे मला पटत नाही. बटाट्याचंच बघा. १९९५ मध्ये सिडनी विद्यापीठात सुझाना होल्ट यांनी ३८ पदार्थांचे सारख्या कॅलरींचे वाटे लोकांना खायला देऊन पुढचे दोन तास पोट किती भरलेलं वाटतं ते मोजलं. पांढऱ्या पावाला १०० गुण धरले, तर उकडलेला बटाटा ३२३ वर, सगळ्यांत पहिला. तळाला क्रोसाँ, ४७. तोच बटाटा पातळ कापून तळला की १०० ग्रॅमला ५३० च्या पुढे कॅलरी होतात आणि त्यातल्या निम्म्याहून जास्त तेलाच्या असतात. चिप्स खाऊन वजन वाढलं की नाव मात्र बटाट्याचं. केक, बिस्किटं, डोनट यांचीही हीच कथा: ऊर्जा तूप-तेलातून आणि साखरेतून, बदनामी सगळ्या धान्यांची.

डाळी कशाला बंद केल्यात हो? शिजलेल्या १०० ग्रॅम मसुरात साधारण ११५ कॅलरी, ९ ग्रॅम प्रथिनं, २० ग्रॅम कर्बोदकं, आणि त्यातले ८ ग्रॅम तंतू. वजन उतरवणाऱ्या माणसाला याहून स्वस्तात पोट भरून देणारं फार थोडं आहे. तुमची पोट साफ न होण्याची तक्रार इथेच सुटेल. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३ च्या मार्गदर्शनात प्रौढांसाठी दिवसाला किमान २५ ग्रॅम तंतू सांगितलेत, आणि तेही अन्नातलेच, डब्यातल्या भुकटीतले नव्हेत. धान्य, डाळ, फळ तिन्ही बंद असताना २५ गाठायचे म्हणजे भाज्यांचा डोंगर उपसावा लागेल.

किती घ्यायची, याचं उत्तर तुमच्यापुरतं देते. तुमचा रोजचा खर्च अंदाजे १,७५० कॅलरी धरू. १,४०० वर राहिलात तर वेग बरा मिळेल आणि उपासमारही होणार नाही. त्यात आधी प्रथिनं ठरवा: ८५ ग्रॅम, म्हणजे ३४० कॅलरी. वजन उतरताना स्नायू वाचवायचे असतील तर यात काटकसर नको. कर्बोदकं १५० ग्रॅम धरा, ६०० कॅलरी. उरलेल्या ४६० तेल, दाणे, दुधातली साय यांत, म्हणजे ५० ग्रॅमच्या आसपास चरबी.

दीडशे ग्रॅम म्हणजे ताटात काय? शिजलेली डाळ किंवा कडधान्य २०० ग्रॅम (४० ग्रॅम कर्बोदकं), शिजलेला भात १५० ग्रॅम किंवा तेवढ्याच कर्बोदकांचं दुसरं कुठलं धान्य (४२), एक सफरचंद आणि एक संत्रं (४०), दूध-दही मिळून ३०० ग्रॅम (१४), भाज्या ४०० ग्रॅम (२०). बेरीज १५६ आली, सहा ग्रॅमसाठी भांडू नका. तंतू यात तिशी ओलांडतात. अंडी, मासे, पनीर, चिकन यांतलं जे चालत असेल ते प्रथिनांसाठी वरून.

दीडशे हा आकडा दगडावरची रेघ नाही. कोणाला १०० वर बरं वाटतं, कोणाला २०० वर. रोज तासभर पळणाऱ्याला दीडशे अपुरे पडतील. आणि भात थंड करून खाल्ला की त्यातला काही स्टार्च पचेनासा होतो हे खरं असलं, तरी फरक इतका किरकोळ आहे की त्यासाठी गरम जेवण सोडू नये.

जिना_चढणारी

बापरे, एवढं सविस्तर! नऊ किलो भाताचं गणित नवऱ्याला वाचून दाखवलं.

दोन शंका. संध्याकाळी भूक फार लागते, तेव्हा मी बदाम आणि चीज खाते. त्यात कार्ब्स नाहीत म्हणून मोजत नाही. हे चालेल ना? दुसरं, तुम्ही सांगितलेलं सुरू केलं की काटा आधी वर जाणार. तो किती आणि किती दिवस?

तराजू_आणि_वाटी

काटा का अडलाय ते तुम्हीच सांगितलंत. मूठभर बदाम, ३० ग्रॅम, म्हणजे १७० कॅलरी. चेडरसारखं चीज १०० ग्रॅमला ४०० पर्यंत जातं. दोन मुठी आणि चीजचा एक बरा तुकडा झाला की तुमची दिवसाची सगळी तूट संध्याकाळी पाच ते सहाच्या दरम्यान संपते. बदाम वाईट नाहीत, मी स्वतः खाते. पण कार्ब्स नसलेल्या कॅलरीही कॅलरीच, आणि चरबीच्या तर दर ग्रॅमला ९, कर्बोदकांच्या ४. एक मूठ ठेवा, सोबत सफरचंद घ्या. दुपारच्या जेवणात डाळ आली की संध्याकाळची झुंबड आपोआप निम्म्यावर येते, बहुतेकांचा हाच अनुभव.

काटा एक ते दोन किलो वर जाईल आणि आठवडाभरात थांबेल. त्या आठवड्यात कंबर मोजा, वजन नको. नंतरही रोजच्या आकड्याऐवजी आठवड्याची सरासरी बघा, नाहीतर मीठ, पाळी आणि उशिरा झालेलं जेवण यांच्या आकड्यांवर रडत बसाल.

निर्धान्य

मॅडम, अभ्यास वाचले. पण माझी साखर उतरली ती कार्ब्स सोडल्यावरच. एचबीए१सी (मागच्या दोन-तीन महिन्यांतल्या सरासरी साखरेची तपासणी) ८.९ चं ६.२ झालं. ते काय खोटं?

तराजू_आणि_वाटी

खोटं कसं असेल, काका. अभिनंदन. टाइप २ मधुमेहात कमी-कार्ब आहाराने साखर खाली येते हे चांगलं सिद्ध झालेलं आहे, पहिल्या सहा महिन्यांत तर इतर आहारांपेक्षा जास्तच. वर्ष उलटलं की हा फरक पुसट होत जातो, मुख्यतः लोक हळूहळू जुन्या खाण्याकडे वळतात म्हणून. तुम्ही टिकवलंत, तुम्हाला मानवलं, चालू ठेवा. मी ते बंद करा म्हणणार नाही.

पण एक उदाहरण बघा. ब्रिटनमधला ‘डायरेक्ट’ नावाचा अभ्यास, पहिले निकाल २०१७ चे. टाइप २ च्या रुग्णांना तीन ते पाच महिने रोज ८२५ ते ८५३ कॅलरींची पेयं आणि सूप दिली. त्यात ५९ टक्के ऊर्जा कर्बोदकांची होती! वर्षाअखेर ४६ टक्के लोकांची साखर औषधांशिवाय मधुमेहाच्या रेषेखाली आली होती. ज्यांनी १५ किलो किंवा जास्त उतरवलं त्यांच्यात हे प्रमाण ८६ टक्के. यकृत आणि स्वादुपिंडातली चरबी कमी झाली की साखर सुधारते, मग ती चरबी कुठल्या वाटेने गेली याला तितकं महत्त्व उरत नाही. तुमचे वीस किलो गेले, हा त्यातला मोठा वाटा असणार.

इथे वाचणाऱ्या इतर मधुमेहींसाठी मात्र ठळक सांगते: इन्शुलिन किंवा सल्फोनिलयुरिया (साखर उतरवणाऱ्या गोळ्यांचा एक गट) चालू असताना डॉक्टरांशी न बोलता कार्ब्स तोडू नका, साखर धोकादायक खाली जाऊ शकते. आणि ग्लिफ्लोझिन गटातल्या गोळ्या (नावाच्या शेवटी ग्लिफ्लोझिन असतं) चालू असतील तर कडक कीटोच्या (कार्ब्स जवळजवळ बंद, बहुतेक ऊर्जा चरबीतून) वाटेला जाऊच नका. रक्त आम्लधर्मी होऊन रुग्णालयात भरती व्हायची वेळ येऊ शकते, तीही साखर फारशी वाढलेली नसताना, त्यामुळे लवकर लक्षात येत नाही.

जुनी_कात्रणं

गंमत म्हणून सांगतो, हे भांडण आजचं नाही. १८६३ मध्ये लंडनमधल्या विल्यम बँटिंग नावाच्या अंत्यविधीची व्यवस्था करणाऱ्या गृहस्थाने पाव, साखर, बिअर, बटाटा सोडून वजन उतरवलं आणि त्यावर पुस्तिका छापली. ती इतकी गाजली की इंग्रजीत वजन कमी करण्याला त्याचंच आडनाव पडलं. कीटो तर वजनासाठी नव्हताच, १९२१ मध्ये मेयो क्लिनिकच्या रसेल वाइल्डर यांनी तो अपस्मारासाठी सुचवला. मुलांमधल्या दाद न देणाऱ्या फिट्सना आजही वापरतात.

एक विचारायचं होतं. फळांचा रस फळातच मोजायचा ना? आणि चहातली साखर?

तराजू_आणि_वाटी

रस साखरेत मोजायचा. पेलाभर सफरचंदाच्या रसात २५ ग्रॅमहून जास्त साखर असते, तंतू जवळजवळ नाहीत, आणि तो दोन मिनिटांत पिऊन होतो. सफरचंद चावायला दहा मिनिटं लागतात, त्यात पोटाला कळायला वेळ मिळतो. जागतिक आरोग्य संघटना वरून घातलेली साखर, मध आणि रस हे सगळं एकाच गटात धरते: एकूण ऊर्जेच्या १० टक्क्यांखाली, जमल्यास ५ टक्के. १,४०० कॅलरींवर ५ टक्के म्हणजे १७ ग्रॅम, चार सपाट चमचे. ते चहात घाला नाहीतर आणखी कशात, पण चारच.

पाव किंवा न्याहारीचं पाकीट घेताना मागचा तक्ता बघा. १० ग्रॅम कर्बोदकांमागे निदान १ ग्रॅम तंतू असला तर उचला. पुढच्या बाजूला काय छापलंय ते वाचू नका, ते विकणाऱ्याने लिहिलेलं असतं.

जिना_चढणारी

कालपासून डाळ आणि भात सुरू केलाय. एकच राहिलं: १५० ग्रॅम भात कच्चा तोलायचा की शिजलेला?

तराजू_आणि_वाटी

मी लिहिलाय तो शिजलेला. कच्चे तांदूळ तोलणार असाल तर ५० ग्रॅम, शिजून साधारण तिप्पट होतात. कच्चे १५० घेतलेत तर ५०० च्या वर कॅलरी होतील आणि पुढच्या महिन्यात पुन्हा इथे याल.